मखरातला निळा उजेड

दि. १३ एप्रिल २०२५, रविवार
पाइपवाल्यांची वस्ती, पारादीपच्या अलीकडं, ओडिशा

ती. दादास,
साईनाथचा नमस्कार. आईच्या पाया पडतो.

आणि पळपुटा काय म्हणून? धाऊकाकाच्या ओटीवर चार माणसांत बसून तू मला पळपुटा म्हणालास, आपल्या शेजारच्या मितेशनं सांगितलं. आईला एका डोळ्यावर ठेवून भाऊ ओडिशाला पळाला, असं म्हणालास. आसनगावला होतो तेव्हा पण तू हेच बोलायचास, भिवंडीला होतो तेव्हा पण हेच. याच्या पायाला भिंगरी, कुठं चार महिने टिकत नाय. बरं, नाय टिकत. पण माझे पाय आणि आईचा डोळा यांची गाठ तू कुणाला विचारून घातलीस? मला समोर विचारलं असतंस. तू तर फोनच कट करतोस. मी “हॅलो दादा” म्हणतो आणि तिकडून टूं टूं टूं. आता तर रिंग पण जात नाय, म्हणजे नंबर ब्लॉक केलास. म्हणून वही फाडून बसलोय. कागद कट करता येत नाय. फाडता येतो, पण शेवटपर्यंत वाच आणि मग फाड.

ऱ्हस्व दीर्घ बघू नको. सातवीनंतर पेन धरलं ते फक्त हजेरीवर सही करायला.

मितेश म्हणाला, सत्तावीस तारखेला रविवारी धाऊकाकाच्या घरी दोन्हीकडची माणसं बसणार. सरळगावहून वहिनीचा बाप आणि भाऊ येणार. स्टॅम्प पेपरवर तुझी आणि वहिनीची फारकत लिहून घेणार, तुमची नमू तिच्या आईकडंच राहणार. आणि ठकीआत्यानं खर्डीकडची एक पोरगी तुझ्यासाठी बघून पण ठेवलीय. एवढी घाई कशाला करतात लोक, मला कळत नाय.

दादा, ती फारकत लिहू नको. हेच सांगायला पत्र लिहितोय. का नको ते पण सांगतो, पण मला सरळ चालत येता येत नाय, तू मला ओळखतोस. मी मागच्या दारानंच येणार.

आधी इथली खुशाली. मी वेल्डरच्या हाताखाली आहे. वेल्डरला इथं उस्ताद म्हणतात. आमचा उस्ताद बिहारचा, साठीला आलेला, एका कानानं बहिरा. तो पाइपाला पाइप जोडतो, मी ग्राइंडर मारतो, रॉड देतो, पाणी आणतो. लोखंड असं तापतं की त्यावर भाकरी भाजेल. पण भाकरी नाय मिळत. भात, तो पण पाण्यातला. सगळे मला बंबईवाला म्हणतात. डोळखांब सांगितलं तर विचारतात, अंधेरीच्या पुढं का मागं? मी म्हणतो, खूप मागं.

आपल्याकडं आता भाताच्या रोपासाठी राब भाजायचे दिवस. या वर्षी रानातला वाळका पातेरा कोण गोळा करतंय? गेली चार वर्षं वहिनीच करत होती. डोक्यावर एवढा मोठा भारा, खाली नुसते पाय दिसायचे, आणि आई ओटीवरून ओरडायची, “सोनाली, वाटेत कुणाला धडकशील गो!” आता आई कुणाला ओरडते?

तर सांगत होतो उस्तादाचं. वेल्डिंग मारताना तो डोळ्यापुढं काळी काच धरतो. मला पण एक दिलीय. मी ती धरायचो नाय. हाताची बोटं आडवी धरून तिरकं बघायचो. निळी ठिणगी चांगली दिसते, आणि बघताना काही होत नाय. दिवसभर मी ठणठणीत. चौथ्या रात्री झोपेतून उठलो तो बोंबलत. डोळ्यांत मूठभर वाळू भरून वरून मिरची चोळल्यासारखं. पापणी उघडली तरी वाळू, मिटली तरी वाळू. पाणी घळाघळा. तोंडाची कातडी तापलेली, शेकल्यासारखी.

इथं वाचता वाचता तू थांबला असशील. थांबलास ना? तुला पण ती वाळू माहीत आहे.

उस्तादानं कच्च्या बटाट्याच्या चकत्या कापून माझ्या डोळ्यांवर ठेवल्या आणि शिव्या घातल्या.

“काँच क्यूँ नहीं पकडता बे?”

मी म्हणालो, “उस्ताद, मैं तो तिरछा देखता था. वो नीला तो इतना तेज भी नहीं लगता.”

“अरे नीला तो धुआँ है. आग दूसरी है. वो दिखती नहीं. दिखती तो आदमी खुद आँख बंद कर लेता.”

मग त्यानं समजावून सांगितलं. मला जेवढं कळलं तेवढं लिहितो. उजेड म्हणजे आपल्याला दिसतो तेवढाच नाय. डोळ्याला न दिसणारा पण उजेड असतो. उन्हात थोडा असतो, वेल्डिंगमधे भरपूर. डोळा त्याला ओळखतच नाय. ओळखीचा उजेड जोरात आला की पापणी आपोआप मिटते. हा घरात शिरतो तरी पापणी उघडीच, कारण तिला कुणी आलंय हेच माहीत नाय. आत जाऊन तो जाळतो. आणि दुखणं लगेच येत नाय, चार-पाच तासांनी येतं, तोवर माणूस विसरलेला असतो की कशाकडं बघितलं.

मी पडल्या पडल्या विचारलं, “उस्ताद, ट्यूबमधून पण येतो का असा उजेड?”

“कौनसी ट्यूब?”

“पानी के प्लांट में होती है. नीली.”

त्याचं तोंड मला दिसत नव्हतं, डोळ्यांवर बटाटा. मग म्हणाला, “वो जंतू मारनेवाली? उसमें तो वही है, और कुछ है ही नहीं. उसके नीचे कौन बैठा था?”

मी म्हणालो, कोई नहीं.

दादा, आपल्या मखरातली ट्यूब ती होती.

आता गेल्या गणपतीचं सगळं परत आठव. मी त्या वेळी आसनगावजवळ पाण्याच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात होतो. बाटल्या जिथं भरतात त्या खोलीच्या छताला निळ्या ट्यूब होत्या. वर्ष झालं की बदलतात. जुन्या काढलेल्या भंगारात होत्या, त्यातली एक मी आणली. विचारून नाय आणली. आपल्या नेहमीच्या चार फुटी पट्टीत ती बरोबर बसली. मितेश आणि मी मखर करत होतो, कापसाचा बर्फ, पुठ्ठ्याचा डोंगर, मागं ट्यूब उभी. तिच्या काचेवर एका टोकाला बारीक छापलेलं होतं, डोळ्याचं चित्र आणि त्यावर काट. मितेश म्हणाला, “हे काय रे?” मी म्हणालो, “ट्रकच्या मागं असतं तसं. नजर लागू नये म्हणून.” दोघं हसलो. मग तो म्हणाला, “पुढं जिलेटिन कागद लावू, अजून निळं दिसेल.” मी म्हणालो, नको, ही मुळातच निळी आहे, उगाच झाकू नको.

उस्तादाला मी नंतर विचारलं. तो म्हणाला, त्या ट्यूबचा उजेड साध्या खिडकीच्या काचेतून पण पार जात नाय. म्हणजे पुढं एखादी काच असती, जाड कागद असता तरी चाललं असतं. मी झाकू दिलं नाय.

संध्याकाळी सातला आरती झाली. मग भजन. सगळ्यांनी तोंडभरून वाखाणलं. धाऊकाका म्हणाला, “साया, कैलासच उतरवलास रे! बापाच्या हयातीत असा गणपती बसला नाय.” ठकीआत्या तर मखराला नाक लावूनच बसली होती. आई सगळ्यात पुढं, समईला तेल घालायला. तू ढोलकीवर. तेरा माणसं होती. मी आत-बाहेर करत होतो, कधी स्पीकर, कधी चहा.

वहिनी तेव्हा मागच्या पडवीत. तिची चार दिवसांची अडचण होती, म्हणून बाजूला बसलेली. नमू तिच्या मांडीवर झोपलेली. पडवीची ती गजाची खिडकी आहे ना माजघरात उघडणारी, ती लोटून घेतलेली.

रात्री अकरानंतर सुरू झालं. आधी ठकीआत्या. मग आई. मग सगळे. आपलं घर आठवतं का तुला त्या रात्रीचं? तुला आठवायचं नाय, तू तर डोळ्यांवर पंचा बांधून भिंतीला डोकं आपटत होतास. उजेड सोसेना म्हणून सगळे माजघर सोडून ओटीवर अंधारात आले होते, बायका रडत होत्या. म्हातारे देवाची माफी मागत होते. ज्याला दिसत होतं असं मोठं माणूस घरात एकच. सोनालीवहिनी. तिनं विटाळ बाजूला ठेवला आणि पुढं ओटीवर आली. कळशी घेऊन एकेकाजवळ बसत होती, ओलं फडकं डोळ्यांवर ठेवत होती, हाताला धरून म्हाताऱ्यांना मागं परसात नेऊन आणत होती. ठकीआत्या तिचा हात धरून चालत होती आणि चालता चालता म्हणत होती, “शिवू नको गो मला, शिवू नको.” आणि हात सोडत नव्हती.

सकाळी डॉक्टर आला बाजारातला. त्यानं बॅटरी मारून दोन-तीन जणांचे डोळे बघितले आणि विचारलं, “काल तुम्ही सगळ्यांनी वेल्डिंग बघितलं का कुठं?”

धाऊकाका त्या तसल्या दुखण्यात पण म्हणाला, “डाक्टर, आमच्या गणपतीचा हात काय लोखंडाचा आहे? जोडायला वेल्डर बोलवू?” सगळे हसले. डॉक्टर पण हसला. ड्रॉप दिले, म्हणाला गार पाणी लावा, दोन दिवसांत बरे व्हाल, दुसरं काही घालू नका.

आणि झाले पण बरे सगळे दोन दिवसांत. आई सोडून. आईला ठकीआत्या पाड्यावरच्या भगताकडं घेऊन गेली होती, डॉक्टर येऊन गेला त्याच संध्याकाळी. त्यानं कसला तरी पाला चुरगळून दिला, रस पिळायला. उजव्या डोळ्यात पिळला तशी आई किंचाळली, म्हणून डावा वाचला. पुढचं तुलाच जास्त माहीत, ठाण्याला तूच घेऊन गेलास. डोळ्यात फूल पडलं ते पडलंच. मागच्या महिन्यात मितेशच्या फोनवर आईशी बोललो. म्हणाली, “उजव्यानं उजेड कळतो रे बाबा. माणूस कळत नाय.”

आईचं फूल जाईना तेव्हा भगत घरी आला. सुपात तांदूळ टाकून बघितले. म्हणाला, घरातल्या बाईनं विटाळात देवाकडं बघितलं. तिची नजर देवाला लागली, देवानं तुमची घेतली.

तू वहिनीला पुढं ओढलंस. ठकीआत्या म्हणाली, “बोल गो, बघितलंस?”

वहिनी म्हणाली, “एकदा बघितलं. खिडकीतून.”

“बघा! तेरा माणसांचे डोळे खाल्ले आणि हिचे शाबूत! हिच्या पोरीचे पण शाबूत!”

तू तिच्या दोन कानाखाली मारल्यास. तिनं तुझ्याकडं नाय बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी पेंढ्याच्या भाऱ्यांकडं बघत होतो. दुसऱ्या दिवशी तिला, तिची पिशवी आणि नमूला घेऊन तू सरळगावची गाडी पकडलीस.

ती माझ्याकडं का बघत होती ते आता लिहितो. खिडकी तिनं आपणहून उघडली नव्हती. सगळे वाखाणत होते, मला मिरवायचं होतं. मी पडवीत गेलो आणि म्हणालो, “वहिनी, बघ गो एकदा. एवढं मी केलंय.” ती म्हणाली, “नको हो भावजी, माझी अडचण आहे.” मी म्हणालो, “लांबूनच. गणपतीकडं नको बघू, उजेडाकडं बघ.” मीच खिडकी ढकलली. ती क्षणभर बघून हसली, “निळं निळं छान दिसतं,” म्हणाली आणि खिडकी परत लोटली. भगतानं विचारलं तेव्हा तिनं माझं नाव नाय घेतलं. दिरानं बोलावलं म्हणून बघितलं, एवढं बोलली असती तरी तुझा हात थोडा थांबला असता.

तुला पटणार नाय म्हणून सांगतो, नीट हिशोब लाव. त्या रात्री सगळ्यात कमी त्रास कुणाला झाला? धाऊकाकाला. दुसऱ्या सकाळी तो तर थट्टा करत होता. का? त्याचा चष्मा. डोळ्यापुढं काच होती. त्यालाच विचार, गालावर चष्म्याच्या खाली लाल झालं होतं का नव्हतं. आणि सगळ्यात जास्त कुणाला? मखराला नाक लावलेल्या आत्याला आणि पुढं बसलेल्या आईला. पडवीत होती ती वाचली, तिच्या मांडीवरची वाचली. देव असं पुढं-मागं बघून शिक्षा करतो का? हा उजेडच होता. फक्त डोळ्याला न दिसणारा.

एवढं लिहून मी चहा पिऊन आलो. मनात होतं की इथंच पत्र बंद करावं. वाचणारा म्हणेल, पोराला आत्ता ओडिशात कळलं, कळल्या कळल्या कळवलं, चांगला आहे पोरगा.

वर मी खोटं लिहिलंय, दादा. मला आत्ता नाय कळलं. उस्तादानं फक्त त्या उजेडाचं नाव-गाव सांगितलं. मला त्याच रात्री कळलं होतं.

त्या कारखान्यात नियम होता. खोलीत माणूस असताना निळी ट्यूब पेटवायची नाय. सुट्टी झाली, सगळे बाहेर आले की सुपरवायझर बाहेरून बटण दाबायचा, आणि सकाळी बंद करून मगच आम्हाला आत सोडायचा. पहिल्याच दिवशी त्यानं मला सांगितलं होतं, “याच्याखाली उभा राहशील तर आंधळा होशील.” मी म्हणालो, “साहेब, ती तर जंतू मारायला आहे. मी काय जंतू आहे?” तो म्हणाला, “तिला काय माहीत.” मला वाटलं, हे लोक घाबरवतात, चोरी होऊ नये म्हणून.

आत्या पहिली ओरडली, “माझे डोळे गेले गो बाय,” आणि मला सुपरवायझर आठवला. तेव्हा अकराच वाजले होते. तेव्हाच सांगितलं असतं तर भगत नसता, पाला नसता. आईचे दोन्ही डोळे आज असते. हे मी मनात रोज म्हणतो, लिहिलं आज पहिल्यांदा.

पहाटे सगळे ओटीवर कण्हत पडले होते. माझे पण डोळे जळत होते, तुमच्याएवढे नाय. भजन संपलं तरी ट्यूब चालूच होती, देवापुढचा उजेड म्हणून कुणी बंद केली नव्हती. मी चाचपडत माजघरात गेलो. बटण बंद केलं. अंधारात स्टुलावर चढून ती काढायला लागलो. पट्टीतून निघेना. गरम लागत होती. तेवढ्यात मागून आवाज आला.

“भावजी, काय करता?”

वहिनी होती. हातात कळशी. मी म्हणालो, “ट्यूब खराब झालीय, वहिनी. उगाच लुकलुक करते.”

“मग थांबा ना, पडाल. तुमचे पण डोळे आलेत.” तिनं कळशी खाली ठेवली, मोबाइलची बॅटरी लावली आणि माझ्या हातांवर धरली. “आता बघा, दिसतं का?”

तिच्या उजेडात मी ती ट्यूब काढली, दादा. तिच्या उजेडात जुनी पांढरी बसवली. तिनं स्टूल पण धरलं. मी ट्यूब गोणपाटात गुंडाळून मागच्या दारानं गेलो, ती बघत होती. सकाळी डॉक्टरानं वेल्डिंगचं विचारलं तेव्हा मी आईचा हात धरून उभा होतो आणि वहिनी दारात. तिनं तेव्हा ट्यूबची आणि दुखण्याची गाठ बांधली असेल का, मला माहीत नाय. ती नववी शिकलेली आहे, माझ्यापेक्षा दोन यत्ता जास्त. बांधली असेल. तरी बोलली नाय. मी बोलेन म्हणून वाट बघत राहिली असेल. दोन कानाखाली खाईपर्यंत वाट बघितली.

मी का नाय बोललो? तुझी भीती वाटली. चोरीची भीती वाटली, कारखान्यातून काढतील म्हणून. मग आईचा डोळा गेला आणि सगळ्यात मोठी भीती आली, की आता बोललो तर आईचा डोळा माझ्या नावावर. वहिनीच्या नावावर गेला तर मी सुटलो. असं मी मनात बोललो होतो, जसंच्या तसं लिहितोय. ती गेली त्याच्या आठव्या दिवशी मी आसनगावचं काम सोडलं, भिवंडीला गेलो, तिथून इथं. पळपुटा म्हणालास ते बरोबर म्हणालास. फक्त कशापासून ते तुला माहीत नव्हतं.

आता तू काय करायचंस ते सांगतो. मोठा भाऊ तू आहेस, पण या एका गोष्टीत माझं ऐक.

ट्यूब अजून आहे. गोठ्याच्या मागं पेंढ्याचा माळा आहे, त्याच्या वाशाला खालच्या बाजूनं सुतळीनं बांधलीय, गोणपाटात. काढ. फोडू नको, आत विषारी वाफ असते. आणि कुणी कितीही म्हणालं तरी पेटवून दाखवू नको, तुझी शपथ, नमूची शपथ. नुसती धाऊकाकाच्या हातात दे आणि टोकाचं चित्र दाखव. डोळा आणि काट. मितेशला बोलव, तो सांगेल मी मखरात कुठली ट्यूब लावली ती. मग डोळखांबच्या डॉक्टरला बोलव आणि विचार, त्यानं वेल्डिंगचं का विचारलं होतं. आणि हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. भगताचं मधे आणू नको, त्यानं सांगितलं ते त्याला दिसलं तेवढं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं सांगितलं नाय.

सत्तावीसची वाट बघू नको. पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सरळगावला जा. एकटा जा. तिचा बाप तुला घरात घेणार नाय, ओटीवर बसवणार पण नाय. उभा राहा. तिला म्हण, साईनाथनं सगळं लिहून दिलंय. मग हात जोड. ती आली तर नशीब. नाय आली तर तिला म्हणू नको की माजली. मितेशची बहीण किन्हवलीच्या बाजारात तिला भेटली होती. वहिनीनं एवढंच विचारलं म्हणे, “आईंचा डोळा कसा आहे?”

ठकीआत्या ऐकणार नाय. ती म्हणेल, पोरगा परमुलखात जाऊन बिघडला, वहिनीनंच काहीतरी खायला घातलं असेल त्याला. म्हणू दे.

आईला तू सांग. माझ्यानं होत नाय. मी तीनदा फोन लावला मितेशला, आईला दे म्हणून, आणि आईचा आवाज आला की विचारतो, जेवलीस का. ती म्हणते, जेवले, तू जेवलास का. मग मी ठेवतो. तू सांगशील तेव्हा ती काय बोलते ते मला कळवू नको. किंवा कळव. शिव्या दिल्या तर कळव. नाय दिल्या तर नको.

उस्तादाला मी काल खरं सांगितलं. त्याच्या चांगल्या कानात. म्हणालो, उसके नीचे मेरी माँ बैठी थी. त्यानं हातातली बिडी विझवली. मग म्हणाला, “काँच पकड.” आणि कामाला लागला. आता मी काच धरतो. काचेतून बघितलं की जग सगळं काळं होतं आणि नुसता एक हिरवा ठिपका हलत राहतो. त्यात दुसरं काही दिसत नाय.

सत्तावीसला मी यावं असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं. वर एक ओळ लिहिली होती, “मी येतो,” ती खोडली, तुला खोडलेली दिसेल. तिकिटाला आणि वाटेत खायला म्हणून बाजूला काढून ठेवले होते पैसे. सुट्टी मिळत नाय असं लिहिणार होतो. सुट्टी मिळते. मागितली तर उस्ताद आजच देईल. पण सगळ्यांसमोर वहिनी माझ्याकडं परत त्या दिवसासारखं बघेल, ते मला सोसायचं नाय. कागद सोसेल. बाकी तू मला काय म्हणायचं ते म्हण, आता चूक नाय होणार.

तिकिटाचे ते पैसे मितेशच्या फोनवर टाकलेत, तो रोख आणून देईल. ते घरात वापरू नको, आईच्या औषधाला पण नको. सरळगावला गाडी करून जा. ज्या एसटीनं तिला सोडून आलास, तिच्यानं परत आणू नको. नमूला गाडी लागते, खिडकीशी बसव.

तुझा,
साईनाथ

पाठवले रुपये दोन हजार तीनशे.